वनौषधींचे टिंक्चर

टिंक्चर म्हणजे वनस्पतीचे वाळलेले किंवा ताजे भाग पाणीमिश्रित अल्कोहोलमध्ये ठरावीक काळ मुरवून व गाळून तयार केलेला द्रव औषधिकल्प होय. यात अल्कोहोल दोन कामे करते. ते वनस्पतीतील गुणकारी घटक विरघळवून घेते आणि तयार झालेला द्रव टिकवूनही ठेवते. बाजारात अलीकडे आलेल्या, स्वयंपाकघराच्या ओट्यावर मावणाऱ्या विद्युत निष्कर्षण यंत्रांमुळे टिंक्चर घरी करण्याकडे ओढा वाढला आहे. अशी यंत्रे उष्णता, ढवळणे व वेळ यांवर नियंत्रण ठेवतात. मात्र वनस्पतीची ओळख, विद्रावकाची प्रत व तीव्रता आणि द्रव्याचे प्रमाण या ज्या गोष्टींवर टिंक्चरचा गुण व धोका अवलंबून असतो, त्या यंत्राच्या कक्षेबाहेर राहतात.

महाराष्ट्रात या विषयाला कायद्याचीही बाजू आहे. अल्कोहोल बाळगणे व वापरणे येथे दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते. औषधी अल्कोहोलविषयीचा देशातील एक महत्त्वाचा न्यायनिर्णयही तत्कालीन मुंबई राज्यातूनच आला.

संज्ञा

'टिंक्चर' हा शब्द लॅटिन भाषेतील 'रंगवणे' या अर्थाच्या 'टिंगेरे' या धातूपासून आला आहे. वनस्पतीचा रंग द्रवात उतरतो, त्यावरून हे नाव पडले. पश्चिम महाराष्ट्रात आढळणाऱ्या काळ्या कुड्याच्या 'राइटिया टिंक्टोरिया' या शास्त्रीय नावातही हाच धातू आहे, कारण त्याच्या पानांपासून निळा रंग काढला जात असे.

मराठीत 'अर्क' हा शब्द सैलपणे अनेक कल्पांसाठी वापरला जातो. शास्त्रीय दृष्ट्या त्यांत पुढीलप्रमाणे भेद आहे:

- अर्क – वनस्पती पाण्यासह भबक्यात उकळून, निघालेली वाफ थंड करून मिळवलेला द्रव. यात केवळ वाफेबरोबर उडणारे घटक येतात. गुलाबजल हे याचे परिचित उदाहरण आहे.
- टिंक्चर – उकळून वाफ न काढता, अल्कोहोलमध्ये मुरवून मिळवलेला द्रव. यात न उडणारे घटकही येतात.
- आसव व अरिष्ट – गोड द्रवात वनस्पती घालून आंबवलेले कल्प. यातील अल्कोहोल बाहेरून घातलेले नसून आंबण्याच्या क्रियेत तयार झालेले असते.
- मदर टिंक्चर – होमिओपॅथीतील मूळ द्रव. त्यापासून पुढील विरलीकरणे केली जातात.

मराठी घरांत हा शब्द मुख्यतः दोन औषधांमुळे रुजला. जखमेवर लावले जाणारे 'टिंक्चर आयोडिन' हे वनस्पतिजन्य नाही. त्यात सुमारे २ टक्के आयोडिन अल्कोहोलमिश्रित पाण्यात विरघळवलेले असते. सर्दीत वाफारा घेण्यासाठी गरम पाण्यात टाकले जाणारे 'टिंक्चर बेंझोइन' मात्र स्टायरॅक्स प्रजातीच्या झाडांच्या राळेपासून होते आणि ते खरे वनस्पतिजन्य टिंक्चर आहे.

इतिहास

युरोपात ऊर्ध्वपातनाने तीव्र अल्कोहोल मिळू लागल्यानंतर टिंक्चरांचा प्रसार झाला. सतराव्या शतकात इंग्लंडमधील वैद्य टॉमस सिडनॅम याने अफू व मसाले मद्यात मुरवून केलेले 'लॉडनम' प्रसिद्ध झाले. भारतातील एका वनस्पतीचे टिंक्चर पाश्चात्त्य वैद्यकात गेले ते कोलकात्यातून. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टराने १८३९ साली गांजाच्या राळेच्या टिंक्चरवरील आपले प्रयोग तेथे मांडले.

एकाच नावाचे टिंक्चर वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या तीव्रतेचे असल्यामुळे रुग्णांना चुकीची मात्रा जाण्याचा धोका होता. त्यावर १९०६ साली ब्रुसेल्स येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रभावी वनस्पतींची टिंक्चरे १० टक्के, म्हणजे १०० भागांत १० भाग मूळ द्रव्य, या प्रमाणात करावीत असे त्यात ठरले. टिंक्चरच्या बाटलीवर प्रमाण लिहिण्याचे महत्त्व या करारातून दिसते.

विसाव्या शतकात शुद्ध घटकांच्या गोळ्या व इंजेक्शने उपलब्ध झाल्यावर आधुनिक वैद्यकात टिंक्चरांचा वापर कमी झाला. वनौषधी चिकित्सा व होमिओपॅथी यांत तो टिकून राहिला.

आयुर्वेदातील समांतर कल्प

बाहेरून तीव्र अल्कोहोल घालून केलेले टिंक्चर हा आयुर्वेदातील मूळ कल्प नाही. त्याच्या जवळचे कल्प मात्र तेथे तपशीलवार वर्णिलेले आहेत. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट या पाच मूलभूत कल्पांना 'पंचविध कषायकल्पना' म्हणतात. शार्ङ्गधर संहितेनुसार त्यांतील पाण्याच्या कल्पांची प्रमाणे अशी आहेत:

- क्वाथ (काढा) – १ भाग भरड द्रव्य व १६ भाग पाणी. उकळून आठवा हिस्सा उरवणे.
- हिम – १ भाग द्रव्य व ६ भाग थंड पाणी. रात्रभर भिजवून सकाळी गाळणे.
- फांट – १ भाग द्रव्य व ४ भाग उकळते पाणी. थोडा वेळ झाकून ठेवून गाळणे.

हिम व फांट यांतील तत्त्व टिंक्चरचेच आहे. द्रव्य भरड करणे, प्रमाण ठरवणे, मुरवणे व गाळणे या पायऱ्या दोन्हींत सारख्या आहेत. फरक टिकाऊपणाचा आहे. पाण्याचे कल्प त्याच दिवशी वापरावे लागतात.

टिकाऊपणाची ही अडचण आसव-अरिष्टांनी सोडवली. चरक संहितेच्या सूत्रस्थानात ८४ आसवांचा उल्लेख आहे. शार्ङ्गधरानुसार काढा करून आंबवलेले ते अरिष्ट आणि काढा न करता आंबवलेले ते आसव. द्राक्षासव, कुमारीआसव, दशमूलारिष्ट ही नावे आजही परिचित आहेत. त्यांत आंबण्यास चालना देण्यासाठी धायटीची फुले घालतात. तयार कल्पात अल्कोहोलचे प्रमाण सर्वसाधारणपणे ५ ते १२ टक्के असते. मराठीत वनौषधींची व घरगुती उपचारांची माहिती सामान्य वाचकांपर्यंत नेण्यात शंकर दाजीशास्त्री पदे (१८६७–१९०९) यांच्या 'आर्यभिषक्' या ग्रंथाचा मोठा वाटा आहे.

निष्कर्षणाचे तत्त्व

वनस्पतीतील घटक एकाच द्रवात सारखे विरघळत नाहीत. डिंक, शर्करा व बुळबुळीत घटक पाण्यात सुटतात. राळ व उडनशील तेले तीव्र अल्कोहोलमध्ये सुटतात. अल्कोहोल व पाणी यांचे प्रमाण बदलले की द्रवात येणारे घटकही बदलतात. स्थूलमानाने पुढील तीव्रता वापरल्या जातात:

- सुमारे २५ टक्के – टॅनिने व पाण्यात सहज सुटणारे ग्लायकोसाइड;
- ४५ ते ६० टक्के – बहुतेक अल्कलॉइड, सॅपोनिने व उडनशील तेलांचा बराचसा भाग;
- सुमारे ९० टक्के – राळ व डिंकराळ, उदाहरणार्थ हिंग व गुग्गुळ.

अल्कोहोल जितके तीव्र तितके टिंक्चर चांगले, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. डिंक व बुळबुळीत घटक तीव्र अल्कोहोलमध्ये साका होऊन खाली बसतात. हिरड्यातील टॅनिनांसाठी पाण्याचा काढाही पुरेसा ठरतो. उलट भारतात विकल्या जाणाऱ्या व्होडकासारख्या मद्यातील अल्कोहोल सहसा ४२.८ टक्के असते आणि त्यात गुग्गुळाची राळ पूर्ण उतरत नाही.

*ताज्या वनस्पतीतील पाणी*

ताज्या पानामुळात बरेच पाणी असते आणि ते मुरताना द्रवात मिसळते. समजा १०० ग्रॅम ताज्या आल्यात ८० ग्रॅम पाणी आहे आणि ते ४२.८ टक्क्यांच्या २०० मिलिलीटर मद्यात मुरवले. द्रवातील ८५.६ मिलिलीटर शुद्ध अल्कोहोल आता सुमारे २८० मिलिलीटरमध्ये पसरते आणि तीव्रता ३१ टक्क्यांच्या आसपास येते. तेवढेच आले १०० मिलिलीटर मद्यात मुरवल्यास ती सुमारे २४ टक्क्यांवर उतरते. सूक्ष्मजीवांची वाढ रोखण्यासाठी किमान २० टक्के अल्कोहोल लागते. त्यामुळे ताजी वनस्पती जास्त व द्रव कमी असे झाल्यास टिंक्चर खराब होते.

प्रमाण

टिंक्चरचे प्रमाण 'द्रव्याचे वजन : द्रवाचे आकारमान' असे लिहितात. वाळलेल्या सौम्य वनस्पतींसाठी १:५, ताज्या वनस्पतींसाठी १:२ आणि प्रभावी वनस्पतींसाठी १:१० ही प्रचलित प्रमाणे आहेत. १:५ म्हणजे १०० ग्रॅम द्रव्यास ५०० मिलिलीटर द्रव. अशा टिंक्चरच्या १ मिलिलीटरमध्ये ०.२ ग्रॅम वनस्पतीतील घटक आहेत असे धरले जाते. हा हिशेब 'पूर्ण निष्कर्षण झाले' या गृहीतावर आधारलेला आहे. द्रव्य शिळे, जाडेभरडे किंवा कमी मुरलेले असेल तर प्रत्यक्ष घटक कमी भरतात.

पारंपरिक पद्धती

*मुरवण* – भरड केलेले द्रव्य काचेच्या बरणीत विद्रावकात बुडवून, घट्ट झाकून, अंधाऱ्या जागी ठेवतात आणि रोज हलवतात. औषधशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत ही मुदत सहसा ७ दिवस असते. घरगुती पद्धतीत ती २ ते ६ आठवडे ठेवली जाते. शेवटी द्रव गाळून चोथा पिळून घेतात व साका बसल्यावर पुन्हा गाळतात.

*झिरपण* – ओलसर केलेली पूड निमुळत्या नळकांड्यात भरून तिच्यातून वरून ओतलेला द्रव थेंबाथेंबाने झिरपू देतात. प्रत्येक थरावर ताजा द्रव येत राहिल्याने निष्कर्षण अधिक पूर्ण होते. गाळणीच्या कॉफीपात्रात हेच तत्त्व वापरलेले असते.

ओट्यावरील निष्कर्षण यंत्र

उत्तर अमेरिकेत गेल्या दशकभरात घरगुती निष्कर्षण यंत्रांचा बाजार वाढला. २०१२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो व वॉशिंग्टन या राज्यांनी गांजाच्या प्रौढांसाठीच्या वापरास मान्यता दिली. गांजायुक्त लोणी, तेल व टिंक्चर करणारे ग्राहक हा या यंत्रांचा मोठा वर्ग आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा व चरस बाळगणे हा गुन्हा असल्याने तो उपयोग येथे निषिद्ध आहे. तुळस, आले, लसूण, ब्राह्मी अशा वनस्पतींसाठी ही यंत्रे वापरता येतात.

*रचना*

यंत्रात साधारणपणे झाकणाचे भांडे, तळाशी तापक, तापमान नियंत्रक, वेळमापक आणि ढवळणारी पाती किंवा चुंबकीय दांडी असते. काही यंत्रांत वनस्पती छिद्रांच्या डबीत ठेवतात, तर काहींत ती द्रवातच वाटली जाते. अनेक यंत्रांत वनस्पती आधी सुकवण्याचीही सोय असते.

*फायदे व मर्यादा*

उष्णता व ढवळणे यांमुळे घटक द्रवात लवकर उतरतात आणि आठवड्यांचे काम काही तासांत होते. तापमान स्थिर राहत असल्याने तेल करपत नाही. प्रत्येक खेपेची स्थिती सारखी ठेवता येणे हाही एक लाभ आहे. याच्या जोडीला पुढील मर्यादा येतात:

- तुळस, पुदिना, ओवा यांसारख्या सुगंधी वनस्पतींतील उडनशील तेल उष्णतेने निघून जाते.
- झाकण घट्ट नसल्यास अल्कोहोल उडून द्रवाची तीव्रता नकळत घटते.
- पात्याने फार बारीक वाटल्यास डिंक व साका वाढतो आणि गाळणे अवघड होते.
- चुकीची वनस्पती घातली तर तिचे विषही यंत्र तेवढ्याच कार्यक्षमतेने उतरवते.

*आगीचा धोका*

शुद्ध इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, परंतु पेट घेण्याजोगी वाफ त्यातून साधारण १३ ते १७ अंशांपासूनच निघते. ४० टक्के मिश्रणासाठी हे तापमान सुमारे २६ अंश आहे. पुणे जिल्ह्यात उन्हाळ्यात खोलीचे तापमानच त्याहून जास्त असते. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती ओट्यावरून खाली उतरून साचते आणि गॅसची शेगडी, देवघरातील समई किंवा विजेच्या बटणाची ठिणगी यांपर्यंत पोहोचू शकते. पूर्ण बंद भांड्यात तापवल्यास दाब वाढून झाकण उडण्याचाही संभव असतो.

या कारणांमुळे उत्पादकाने अल्कोहोलसाठी योग्य असे स्पष्ट नमूद न केलेल्या यंत्रात अल्कोहोल तापवू नये. अल्कोहोलचे टिंक्चर बरणीत, उष्णतेविना मुरवणे हाच घरातील सुरक्षित मार्ग आहे. पाणी, तेल व ग्लिसरीन यांसाठी यंत्राची उष्णता उपयोगी पडते.

विद्रावकाची प्रत

पोटात घ्यावयाच्या कल्पासाठी केवळ खाद्यप्रतीचा विद्रावक चालतो. दुकानात मिळणारे विकृत स्पिरिट, पॉलिशचे स्पिरिट, शल्यक्रियेसाठीचे स्पिरिट व हात निर्जंतुक करण्याचा द्रव यांत मिथेनॉल, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इतर विषारी व कडू पदार्थ असू शकतात. ते गाळून, उकळून किंवा कोळशातून काढून सुरक्षित होत नाहीत. मिथेनॉलच्या थोड्या मात्रेनेही अंधत्व व मृत्यू येऊ शकतो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक लोकांचा बळी घेतला.

अल्कोहोल टाळण्यासाठी वापरले जाणारे ग्लिसरीनही याला अपवाद नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते आणि त्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. औद्योगिक ग्लिसरीन व औषधी प्रतीचे ग्लिसरीन दिसायला व चवीला सारखेच असते. फरक केवळ तपासणीतून व खात्रीच्या लेबलवरून कळतो.

अल्कोहोलविरहित पर्याय

- ग्लिसरीन – गोड, न उडणारे व लहान मुलांच्या कल्पांत वापरले जाणारे. टिकण्यासाठी अंतिम द्रवात किमान ५५ ते ६० टक्के ग्लिसरीन असावे लागते. राळ व तेले यात नीट उतरत नाहीत.
- व्हिनेगर – काही अल्कलॉइड व खनिजांसाठी उपयुक्त, टिकाऊपणा मध्यम.
- मध – आले, हळद, तुळस यांसाठी घरोघरी वापरला जातो. एक वर्षाखालील बालकांना मध देऊ नये.
- तेल – मालिशीसाठी. आयुर्वेदीय तैलपाकात १ भाग कल्क, ४ भाग तेल व १६ भाग द्रव घेऊन पाणी पूर्ण आटेपर्यंत शिजवतात.

तैलपाकातील पाणी आटवण्याच्या नियमामागे व्यावहारिक कारण आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि ओलावा राहिल्यास बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे या विषबाधेची साथ उद्भवली होती. यंत्रात कमी तापमानावर केलेल्या ताज्या लसणाच्या तेलात पाणी शिल्लक राहते. असे तेल शीतकपाटात ठेवून काही दिवसांतच संपवावे लागते.

भोर-वेल्हे परिसरातील वनस्पती

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला असलेले भोर व वेल्हे (राजगड) हे तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसले आहेत. राजगड, तोरणा, रोहिडा व रायरेश्वर यांच्या उतारांवर पर्जन्यमान जास्त असून पूर्वेकडे ते झपाट्याने घटते. त्यामुळे थोड्या अंतरात निमसदाहरित जंगल, पानझडी झाडी, माळ व भातखाचरे असे निरनिराळे अधिवास आढळतात. भोर शहराजवळील उत्रोलीसारख्या गावांच्या परिसरात बांध, कुंपण व माळ यांवर वाढणाऱ्या वनस्पतीच घरगुती औषधांसाठी प्रथम हाताशी येतात.

*वापरातील वनस्पती*

- हिरडा – पश्चिमेकडील डोंगराळ भागातील महत्त्वाचे गौण वनोपज. कोवळी, वाळलेली फळे 'बाळहिरडा' म्हणून ओळखली जातात. टॅनिने विपुल असल्याने काढा, चूर्ण किंवा कमी तीव्रतेचे टिंक्चर पुरेसे होते.
- धायटी – उतारांवरील झुडूप. हिवाळ्याच्या अखेरीस येणारी तांबडी फुले आसव-अरिष्टांसाठी गोळा केली जातात.
- अडुळसा – कुंपणाला लावला जातो. पानांत व्हॅसिसीन हे अल्कलॉइड असून खोकल्यावर काढा देतात. गर्भाशयाच्या आकुंचनाचा धोका असल्याने गरोदरपणात वर्ज्य.
- निर्गुडी – ओढ्याकाठी वाढते. पाने शेकण्यासाठी व तेलासाठी वापरतात.
- गुळवेल – कडुनिंब, आंबा अशा झाडांवर चढणारी वेल. खोड वापरतात.
- पांढरा कुडा – सालीचा उपयोग अतिसारावर केला जातो.

*ओळखीतील चुका*

पांढऱ्या कुड्याच्या सालीऐवजी काळ्या कुड्याची साल वापरली जाण्याचा प्रकार वनौषधींच्या व्यापारात जुना आहे. गुळवेलीच्या बाबतीत हा प्रश्न अलीकडे ठळक झाला. कोविड साथीच्या काळात रोगप्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचे सेवन वाढले. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद केली. यावर आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही खरी गुळवेल आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांत गल्लत होत असल्याकडे लक्ष वेधले. खोडावरील असंख्य बारीक गाठी व दुधाळ स्राव ही क्रिस्पाची लक्षणे सांगितली जातात. गुळवेल स्वतः सुरक्षित आहे की नाही यावर वैद्यकात मतभेद आहेत. यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीचा विकार असणाऱ्यांनी ती वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये, हे मात्र व्यवहारात पाळले जावे असे आहे.

*विषारी वनस्पती*

याच बांधाकुंपणांवर पावसाळ्यात कळलावी फुलते. तिच्या कंदात कोल्चिसीन हे तीव्र विष असते. धोतरा, कण्हेर, पिवळी कण्हेर व गुंज याही सहज आढळतात. आयुर्वेदात यांपैकी काहींचा उपयोग शोधनानंतर व अत्यल्प मात्रेत होतो, तो वैद्याच्या देखरेखीखाली. मुरवल्याने किंवा तापवल्याने त्यांचे विष नाहीसे होत नाही, उलट ते द्रवात एकवटते. या वनस्पतींचे घरगुती टिंक्चर करू नये.

शंका असल्यास फुलाफळांसह नमुना जाणकारांना दाखवणे हाच उपाय आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात असून तेथे शुष्क वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. वनखात्याच्या जमिनीवरून वनस्पती गोळा करण्यास वनविषयक नियम लागू होतात. साल व मुळे काढल्याने झाडच मरत असल्याने घरगुती गरजेसाठी परसात लावलेली वनस्पती श्रेयस्कर मानली जाते.

घरगुती कृती

खाद्यप्रतीच्या, वैधपणे घेतलेल्या अल्कोहोलमधील टिंक्चरची सर्वसाधारण कृती अशी आहे:

1. ओळख पटलेली वनस्पती निवडून, स्वच्छ करून सावलीत वाळवावी. बुरशी आलेला भाग टाकून द्यावा.
2. द्रव्य खलबत्त्यात भरड करावे. पीठ करू नये.
3. ५० ग्रॅम द्रव्य कोरड्या काचेच्या बरणीत घालून त्यावर २५० मिलिलीटर विद्रावक ओतावा. द्रव्य पूर्ण बुडालेले असावे.
4. वनस्पतीचे नाव, वापरलेला भाग, प्रमाण, अल्कोहोलची तीव्रता व तारीख यांची चिठ्ठी बरणीला लावावी.
5. बरणी ज्योतीपासून दूर, अंधारात २ ते ४ आठवडे ठेवावी व रोज हलवावी.
6. मलमलीच्या फडक्यातून गाळून चोथा पिळावा. रात्रभर साका बसू देऊन गाळणकागदातून पुन्हा गाळावे.
7. गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत भरून मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

ग्लिसरीनसाठी यंत्र वापरताना ३ भाग ग्लिसरीन व १ भाग पाणी असे मिश्रण घेऊन ५० ते ६० अंशांवर काही तास ठेवतात. द्रव घट्ट असल्याने तो कोमट असतानाच गाळावा.

तयार द्रवाचा अंदाज घेण्यासाठी ५ मिलिलीटर टिंक्चर वजन केलेल्या उथळ बशीत, ज्योतीपासून दूर व हवेशीर जागी, पूर्ण सुकू देतात आणि उरलेल्या घन भागाचे वजन करतात. यंत्रातील व बरणीतील खेपांची तुलना अशी करता येते. त्यातून एकूण घन भाग कळतो. त्यात गुणकारी घटक किती आहे हे कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

सेवन व सुरक्षितता

टिंक्चर थेंबांत घेतले जाते, त्यामुळे शरीरात जाणारे अल्कोहोल सहसा थोडे असते. ४५ टक्क्यांच्या १.५ मिलिलीटर (सुमारे ३० थेंब) टिंक्चरमध्ये ०.७ मिलिलीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम अल्कोहोल असते. तरीही लहान मुले, गरोदर व स्तनदा माता, यकृताचे रुग्ण आणि व्यसनमुक्तीच्या मार्गावरील व्यक्ती यांना ते वर्ज्य आहे. डायसल्फिराम किंवा मेट्रोनिडॅझोल घेत असलेल्यांनीही अल्कोहोलयुक्त कल्प टाळावेत. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे चालू असल्यास वनौषधींमुळे त्यांचा परिणाम बदलू शकतो. घरगुती टिंक्चरमधील घटकांचे प्रमाण खेपेगणिक बदलत असल्याने, जेथे मात्रेतील थोडा फरकही महत्त्वाचा आहे अशा आजारांसाठी ते योग्य नाही.

महाराष्ट्रातील कायदा

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ साली झाला. त्यातील 'मद्य' या शब्दाच्या व्यापक व्याख्येत अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव येत होता. परिणामी टिंक्चरे, औषधी मद्ये व ओ-दि-कोलोनसारखी प्रसाधनेही बंदीच्या कक्षेत आली. एफ. एन. बलसारा यांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निर्णय दिला. दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, परंतु अल्कोहोलयुक्त औषधी व प्रसाधने बाळगणे, विकणे व वापरणे यांवर बंदी घालणाऱ्या तरतुदी तेवढ्यापुरत्या अवैध ठरवल्या. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्येही मादक पेयांच्या बंदीचे धोरण सांगताना औषधी प्रयोजनाचा अपवाद केलेला आहे.

या निर्णयानंतर १९५२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन कलम २४-क घालण्यात आले. मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य असलेले औषधी कल्प त्यानुसार बंदीतून वगळले गेले. अल्कोहोलयुक्त औषधांवरील उत्पादनशुल्कासाठी १९५५ साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला. तो २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू होताना रद्द झाला.

ही सूट तयार औषधाला आहे. मद्य विकत घेणे व बाळगणे यासाठी राज्यात परवान्याची तरतूद कायम आहे, आणि घरी दारू गाळणे हा गुन्हा आहे. तो औषधासाठी केला तरी सुटत नाही. टिंक्चर विक्रीसाठी करावयाचे असल्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये उत्पादन परवाना लागतो. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्य व हकिमांना या कायद्यात सवलत आहे. ओळखीच्या लोकांना घरगुती टिंक्चर विकणाऱ्या व्यक्तीस ती लागू होत नाही.

हेही पहा

- आसव
- काढा
- ऊर्ध्वपातन
- हिरडा
- गुळवेल
- भोर तालुका